एकटी बिअर बरी दिसत नाही

१५१६ सालच्या एप्रिलमध्ये बव्हेरियाचा ड्यूक चौथा विल्हेल्म याने इंगोलश्टाट गावी फर्मान काढलं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं. चौथं काही आढळलं तर पिंपं जप्त. फर्मानात यीस्टचं नाव नाही; ते जिवंत असतं हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ते बिचारं बिनपरवाना काम करत राहिलं. पुढे पाच वर्षांनी स्पॅनिश फौजांनी तेनोच्तित्लान जिंकलं. त्या शहराच्या जागी आज मेक्सिको सिटी आहे, आणि मेक्सिको सिटीतल्या आमच्या इमारतीत रविवारी दुपारी ड्यूकसाहेबांच्या फर्मानाचा कलमवार निकाल लावला जातो. लिंबू, मीठ, दोन जातींचे काळे सॉस, एक लाल सॉस, टोमॅटोचा रस, त्या रसात शिंपल्यांचं पाणी, ग्लासाच्या काठाला तिखट. एवढं झाल्यावर जागा उरली तर बिअर.

याला मिचेलादा म्हणतात.

मेक्सिकन माणसाचा बिअरवर राग आहे असं कुणी समजू नये. जगात सगळ्यांत जास्त बिअर परदेशी पाठवणारा देश हाच. पण पाठवताना ती साधी पाठवतात. माहेरी तिला कसं नटवतात हे बाहेर कळू देत नाहीत. आणि नटवतात त्यामागे चवीपेक्षा माणुसकी जास्त असावी असा मला दाट संशय आहे. कुठलीही वस्तू एकटी कुणाच्या पुढे करायची इथे पद्धतच नाही. रस्त्यावर काकडी मागितली की लिंबू, मीठ आणि तिखट लावून मिळते. आंब्याचं तसंच, कलिंगडाचं तसंच. मक्याच्या कणसाला मेयोनेझ फासून, त्यावर चीज किसून, वर तिखट भुरभुरतात. लहान मुलांच्या आंब्याच्या लॉलीपॉपलासुद्धा बाहेरून तिखटाचा थर असतो; पोरगं आधी डोळ्यांत पाणी आणतं, मग गोडापर्यंत पोहोचतं. जिथे पाच वर्षांच्या मुलाची गय नाही, तिथे बिअरची कोण करणार?

आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटू नये. कैरीला तिखटमीठ लावताना आपल्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. फक्त त्यातलं तिखट इथून गेलंय. मिरची मूळची इथली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली आणि आपण ती अशी काही दत्तक घेतली की तिचे आईबाप कोण हे विचारायचंही कुणाच्या मनात येत नाही. उलट दिशेने १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिलाहून आकापुल्कोला स्पॅनिश गलबतं येत राहिली. त्यांतून आशियातला आंबा इथे आला. इथल्या एका पिवळ्या, रसाळ आंब्याला अजूनही मनिला असंच नाव आहे. लिंबू आणि चिंचही समुद्र ओलांडूनच आले. मेक्सिकोत ज्याला लिमोन म्हणतात ते म्हणजे आपलं कागदी लिंबू, तेवढंच लहान, तेवढंच हिरवं, तेवढ्याच बियांचं. परदेशी गेलेल्या मराठी माणसाला जिथेतिथे तो पिवळा, जाड सालीचा लिंबोणा मिळतो आणि त्याचा जीव अर्धा होतो. इथे मंडईत पहिल्याच दिवशी कागदी लिंबांचा ढीग पाहिला आणि मी मनातल्या मनात भाडेकरार वाढवून टाकला.

बिअर मात्र आली जर्मनांकडून. १८६४ साली ऑस्ट्रियाचा राजपुत्र माक्सिमिलियन इथे सम्राट म्हणून आला. लोकांनी त्याला तीन वर्षं सहन केलं आणि १८६७ च्या जूनमध्ये केरेतारोच्या टेकडीवर गोळ्या घातल्या. सम्राट गेला, पण त्याच्या मुलखाकडची बिअर राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मंडळींनी येऊन इथे कारखाने काढले. व्हिएन्नाच्या धाटणीची तांबूस बिअर व्हिएन्नात लोक विसरून गेले, तरी इथे ती टिकली. १८९७ साली विल्हेल्म हासे नावाच्या जर्मनाने येऊ घातलेल्या विसाव्या शतकाच्या स्वागतासाठी एक बिअर काढली आणि बाटलीवर रोमन आकड्यांत वीस लिहिलं. दोस एकिस म्हणून ती आजही मिळते. शतक संपून पाव शतक उलटलं, स्वागत अजून चालू आहे.

आता मिचेलादा पहिल्यांदा कुणी केली? हा प्रश्न आमच्या जिन्यात विचारायचा नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर ज्या बाई राहतात त्या सान लुईस पोतोसीच्या आहेत. मी त्यांना मनातल्या मनात काकू म्हणतो. त्या मला ‘होवेन’, म्हणजे तरुण माणसा, अशी हाक मारतात. माझे केस पाहता हा निव्वळ सौजन्याचा भाग आहे. इथे भाजीवाल्यापासून बँकेच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे पुरुषमात्राला होवेन म्हणतात आणि पुरुषमात्र ते खरं मानतो. काकूंचं म्हणणं असं, की त्यांच्या गावच्या एका क्रीडा क्लबात मिशेल एस्पेर नावाचे गृहस्थ साठच्या दशकात बिअरमध्ये लिंबू, मीठ आणि बर्फ घालून मागायचे. बाकीचे सभासद ‘मिशेलसारखी द्या’ म्हणू लागले. दुसरी एक गोष्ट क्रांतीच्या काळातल्या मिशेल नावाच्या सेनापतीची आहे. तो म्हणे आपल्या सैनिकांना तिखट घातलेली बिअर पाजायचा. ही गोष्टही सान लुईसचीच, त्यामुळे कुठलीही खरी ठरली तरी काकू जिंकतात. तिसरं म्हणणं असं, की चेला म्हणजे बोलीभाषेत बिअर, तेव्हा ‘माझी थंडगार बिअर’ म्हणता म्हणता शब्द आखडला. हे कंटाळवाणं असल्यामुळे बहुधा खरं असावं. काकूंसमोर मी ते बोलत नाही.

जन्मकथेपेक्षा नावाचा घोळ मोठा आहे. एका गावात फक्त लिंबू आणि मीठ घातलं की चेलादा, आणि सॉस घातले की मिचेलादा. दुसऱ्या गावात लिंबू-मिठालाच मिचेलादा म्हणतात, आणि सॉसवालीला कुबाना. क्यूबाचा याच्याशी काय संबंध हे क्यूबालाही माहीत नसावं. टोमॅटोचा रस घातला की कुठे ती ओहो रोहो होते, म्हणजे लाल डोळा, तर कुठे नुसतंच क्लामातो म्हणतात. मेक्सिको सिटीतला अनुभवी वेटर म्हणूनच ‘मिचेलादा’ ऐकून हलत नाही. तो पेन उचलून शांतपणे विचारतो, ‘म्हणजे नक्की काय काय घालू?’ तेव्हा घरी करणं बरं.

घरी करायची तर पहिलं काम काठ. ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवून गारठवायचा, लिंबाची फोड त्याच्या ओठावरून फिरवायची आणि ताटलीत पसरलेल्या तिखटमिठात तो उपडा दाबायचा. हे तिखटमीठ म्हणजे ताहीन. वाळवलेल्या मिरच्या, लिंबाचा वाळवलेला रस आणि समुद्री मीठ. १९८५ साली हालिस्को प्रांतात ही कंपनी सुरू झाली. वेराक्रूसमध्ये एल ताहीन नावाचे प्राचीन पिरॅमिड आहेत, त्यांच्यावरून नाव. या बाटलीवर ‘हा खाऊ नाही’ अशी सूचना छापलेली असते. अशी सूचना कंपनीला सहजासहजी सुचत नाही. देशभरातली पोरं तळहातावर ओतून चाटताना सापडली असतील, तेव्हा कुठे ती छापली गेली असणार. आमच्या इमारतीतली पोरं ती सूचना वाचून दाखवतात आणि मग चाटतात.

हौशी लोक काठ आधी चामोयमध्ये बुडवतात. चामोय म्हणजे खारवलेल्या फळांचं आंबटगोड, तिखट, लाल चिकट पाणी. दिसायला झकास. पण ते ग्लासावरून ओघळून मनगटापर्यंत येतं, तिथून बाहीत शिरतं, आणि माणूस पुढचा अर्धा तास हात वर धरून शपथ घेतल्यासारखा बसतो. ज्या पेयानंतर हात धुवायला उठावं लागतं ते माझ्या मते पेय नव्हे, जेवण आहे.

मग ग्लासात दोन-तीन लिंबं पिळायची. त्यावर साल्सा इंग्लेसा, म्हणजे वूस्टर सॉस, दोन-तीन शिंतोडे. हा सॉस इंग्लंडमधल्या वूस्टर गावच्या ली आणि पेरिन्स या दोन औषधविक्रेत्यांनी १८३७ साली बाजारात आणला. बंगालच्या गव्हर्नरपदावरून परत आलेल्या एका लॉर्डने म्हणे त्यांना कृती दिली. तो लॉर्ड बंगालचा गव्हर्नर कधीच नव्हता, पण गोष्ट अजून चालते. सॉसमध्ये चिंच मात्र खरी आहे, आणि मुरवलेली मासळीही. म्हणजे शाकाहारी मंडळींनी इथेच थांबावं. पुढे परिस्थिती आणखी बिघडते.

त्यानंतर मॅगी. युलियस मॅगी या स्वित्झर्लंडच्या गृहस्थाने १८८६ साली काढलेला गडद तपकिरी अर्क. सूपमध्ये दोन थेंब टाकावेत एवढीच त्याची अपेक्षा होती. मेक्सिकोत तो बिअरवर, शेंगदाण्यांवर, बटाट्याच्या वेफर्सवर, आणि लोकांची हिंमत पाहता पिझ्झावरही पडतो. तो थेंबांनीच घालायचा. चमच्याने घातला तर ग्लासात समुद्र तयार होतो. एका रविवारी मी हे सगळं मांडून बसलो असताना सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. काय चाललंय, असं तिने विचारलं. ‘सरबत करतोय,’ मी म्हणालो. तेवढ्यात मागून काकू स्पॅनिशमध्ये ओरडल्या, की मॅगी घातली का? सगळ्या वाक्यातला आईला कळलेला शब्द एकच. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. आपल्या घरात १९८३ पासून मॅगी म्हणजे नूडल्स. शेवटी काळजीच्या सुरात म्हणाली, ‘अरे, पण गार पाण्यात शिजते का ती?’

लाल सॉसवरून फारसं भांडण होत नाही. ग्वादालाहाराची वालेंतिना, पिवळ्या लेबलची सोसणाऱ्यांसाठी, काळ्या लेबलची सोसवणाऱ्यांसाठी. टबॅस्को घालणाऱ्याकडे लोक जरा दयेने पाहतात. नाव मेक्सिकोतल्या प्रांताचं, पण माल १८६८ पासून अमेरिकेतल्या लुइझियानाचा.

खरं युद्ध क्लामातोवरून. टोमॅटोचा रस आणि शिंपल्यांचं पाणी एकत्र बाटलीत भरावं ही कल्पना अमेरिकेत साठच्या दशकात कुणाला तरी सुचली. ज्यांनी ती बनवली त्यांनी ती विशेष प्यायली नाही. कॅनडाने ती व्होडकात ओतली आणि मेक्सिकोने बिअरमध्ये. दुसऱ्या मजल्यावरचा मॉन्तेरेयचा इंजिनियर क्लामातोशिवाय मिचेलादा मानतच नाही. इथे इंजिनियरला इंजिनियर अशीच हाक मारतात, त्यामुळे त्याच्या मताला आपोआप तांत्रिक वजन येतं. काकूंच्या लेखी तो ग्लास म्हणजे टोमॅटोचं सार. दिसतंही तसंच, खोटं कशाला बोला. वर कोथिंबीर भुरभुरावी असा हात शिवशिवतो. इंजिनियर म्हणतो, उत्तरेत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तिथे लिंबू-मिठाने काय होणार? काकू म्हणतात, चाळीस अंशांत शिंपल्याचं पाणी पिणारा माणूस आधी डॉक्टरकडे न्यावा. यांत मध्यस्थी करायला जो रखवालदार वर येतो, तो तेपितोचा. तेपितो म्हणजे मेक्सिको सिटीतला जुना, नामांकित, पाकीट सांभाळून चालायचा बाजार. तिथे मिचेलादा लिटरच्या ग्लासात मिळते. काठाला चामोय, त्यावर गोळ्यांचा चुरा, चिंचेचा गोळा थापलेली नळी, वर जेलीची अस्वलं. मिक्सरच्या भांड्याच्या आकाराच्या ग्लासातही देतात. या रस्त्यावरच्या दुकानांवर अधूनमधून सरकारी धाड पडते. रखवालदार दोघांचं शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, ‘गोळ्या कुठे आहेत?’ त्यावर काकू आणि इंजिनियर यांची तात्काळ युती होते.

बिअर सर्वांत शेवटी आणि ग्लास तिरका धरून. घाईने ओतली तर ती टेबलावरून खाली उतरून शेजाऱ्यांकडे जाते. मिठाच्या आणि लिंबाच्या गराच्या खडबडीत कणांवर बिअरमध्ये विरघळलेल्या वायूला बुडबुडे व्हायला आयती जागा मिळते, आणि तो एकदम सुटतो. रखवालदाराचं स्पष्टीकरण जास्त सोपं आहे, तो म्हणतो की आत काय काय आहे ते पाहून बिअर दचकते. बिअर हलकी हवी, साडेचार टक्क्यांच्या आसपासची, फारशी कडू नको. तेकाते, व्हिक्टोरिया, पासिफिको, काहीही चालतं. ३५५ मिलीची बाटली एकावेळी मावत नाही. अर्धी ओतायची, उरलेली शेजारी ठेवून भर घालत जायचं. त्यामुळे पहिला घोट मसाल्याचा असतो आणि शेवटचा बिअरचा. सज्जन जर्मन चव शेवटच्या दोन घोटांत भेटते, तीही ओळख विसरलेली.

अशी गर्दी डब्यात भरून विकण्याचे प्रयत्न मोठमोठ्या कंपन्यांनी अमेरिकेत केले, अजून करतात. डब्यातल्या मिचेलादेत सगळं असतं, फक्त कुणी कुणाशी भांडलेलं नसतं, आणि ते चवीला लागतं.

मिचेलादा दुपारी प्यायची असते, त्यातही आदल्या रात्री जास्त झालेल्या माणसाने. मेंढीचा बार्बाकोआ नाहीतर मेनुदो, म्हणजे वजडीचं तिखट सूप, आणि बाजूला मिचेलादा, हा इथे रविवारचा अधिकृत उपचार समजला जातो. मीठ, पाणी आणि आंबट पोटात गेल्याने माणसाला हुशारी वाटते हे समजू शकतो. औषधात रोगच घालण्यामागचं शास्त्र मात्र काकूंनाही सांगता येत नाही. ‘होवेन, बरं वाटतं ना? मग?’ एवढंच म्हणतात. आपल्याकडच्या निम्म्या घरगुती औषधांचा युक्तिवाद हाच असल्यामुळे मी गप्प बसतो.

उरला बर्फ. काकूंच्या गोष्टीतल्या मिशेलरावांनी बर्फ घातला होता, तेव्हा त्यांच्या मते बर्फ हवाच. इंजिनियरच्या मते बर्फ म्हणजे बिअरची भेसळ. लक्षात घ्या, शिंपल्यांचं पाणी चालतं, मॅगी चालते, बर्फ म्हणजे भेसळ. हा वाद एकदा अगदी हातघाईवर आला, तेव्हा पुएब्लाच्या मोटार कारखान्यातला एक जर्मन पाहुणा बसला होता. त्याने साधी बिअर मागितली होती. यजमानांनी ती दिली, पण एकटी कशी द्यायची म्हणून शेजारी लिंबू, मीठ, ताहीन, दोन्ही काळे सॉस आणि वालेंतिना मांडून ठेवले, आणि तो साधी पितोय हे पाहून सगळे त्याच्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला आल्यासारखे बघत राहिले. त्याला पंच नेमलं. त्याने बराच विचार केला आणि निकाल दिला, की पाणी बव्हेरियाच्या यादीत आहे, म्हणून बर्फ कायदेशीर. बाकी टेबलावरच्या कुठल्याच वस्तूबद्दल आपण अधिकृत मत देऊ शकत नाही. काकूंनी त्याच्या बिअरमध्ये लिंबू पिळलं. त्याने हरकत घेतली नाही.

पुण्यामुंबईत कुणाला करून पाहायची असेल तर थोडी तडजोड करावी लागेल. आपल्याकडे खप जास्त स्ट्राँग बिअरचा. ती इथे उपयोगाची नाही, सौम्य आणावी. काठासाठी काश्मिरी मिरचीचं तिखट, मीठ आणि चिमूटभर लिंबूसत्व कुटून घेतलं की ताहीनच्या बरंच जवळ जातं. लवंगी मिरची वापरणाऱ्याने आपल्या ओठांची जबाबदारी आपण घ्यावी. वूस्टर सॉस मिळतो. मॅगीचा अर्क नाही मिळाला तर सोया सॉसचे दोन थेंब, आणि नूडल्सच्या पुड्यातला मसाला टाकायचा मोह कृपा करून आवरावा. राहिलं क्लामातो. त्यासाठी कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाने दुकानात जायचीच गरज नाही. तिसऱ्या, म्हणजे आपले शिंपले, वाळू जाईपर्यंत धुवाव्यात, थोड्या पाण्यात तोंड उघडेपर्यंत वाफवाव्यात, ते पाणी फडक्यातून गाळून गार करावं आणि टोमॅटोच्या रसात घालावं. बाटलीतल्यापेक्षा हे चांगलं होतं, असं खुद्द मॉन्तेरेयच्या इंजिनियरला मी वर्णन करून सांगितलं तेव्हा त्यानेही मान्य केलं. वाफवलेल्या तिसऱ्या उरतात त्यांचं काय करायचं, असं त्याने विचारलं. कांदा, ओलं खोबरं, आमसूल घालून सुकं करायचं, मी म्हणालो, आणि तेही नीट सांगितलं. आता तो सुक्याबद्दलच विचारत असतो, आणि त्यात लिंबू का घालत नाही म्हणून काकू माझ्याशी भांडतात.